आदल्या संध्याकाळचं शून्य

आमच्या धंद्यात कोणी कोणाचा गळा धरत नाही, फक्त दुरुस्ती सुचवतो. "एक छोटीशी दुरुस्ती होती," असं कोणी हसून म्हणालं की समजायचं, आपल्या वर्षभराच्या कामाची वाट लागली.

धंदा म्हणजे काय, तर नकाशांची समाईक भाषा ठरवणं. कुठलं तरी खातं नदीचं पाणी मोजतं, पोलीस रस्ता बंद करतात, आणि तिसऱ्याच कंपनीचा नकाशा तुमच्या खिशातल्या फोनवर चालतो. या सगळ्यांनी एकमेकांना माहिती द्यायची तर ती एकाच पद्धतीनं लिहिलेली हवी, आणि ती पद्धत कोणाच्या मालकीची नको, कोणालाही फुकट वापरता यायला हवी. म्हणून देशोदेशींच्या कंपन्या, सरकारी खाती आणि विद्यापीठं मिळून एक महासंघ झालाय. तिथं अशी मानकं ठरतात. माझे केस काळे होते तेव्हापासून मी कोरियाच्या एका सरकारी संस्थेतर्फे त्या बैठकांना बसतेय. पूल हा रस्त्याचा भाग की रस्त्यावरची वेगळी वस्तू, यावर आम्ही एकदा जेवणं सोडून भांडलो होतो. मला त्यात मजा यायची. हसू नका, खरंच यायची.

मग दादा गेला.

गी-हून दादा, माझा थोरला भाऊ, टोफूचा टेम्पो चालवायचा. हाग्योन गावाबाहेरच्या कारखान्यातून सकाळी गरम टोफू उचलायचा आणि शाळांच्या स्वयंपाकघरांत पोचवायचा. त्या पावसाळ्यात नदीचा बांध फुटला आणि रेल्वेखालचा भुयारी रस्ता भरला. तो रस्ता असा आहे की वळण घेऊन उतार लागेपर्यंत आत काय आहे ते दिसत नाही, आणि उतार लागला की मागे फिरायला जागा नाही. दादाच्या फोनवर रस्ता हिरवा होता. पाणी शून्य.

ते शून्य कुठून आलं, हे मी शोधून काढलं. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भुयारातलं पाणी मोजणारं यंत्र रात्रीच बुडून बंद पडलं होतं. त्याचं शेवटचं माप आदल्या संध्याकाळचं, तेव्हा रस्ता कोरडा होता. ते शून्य गावानं प्रांताला दिलं, प्रांतानं केंद्राला, केंद्रानं नकाशा कंपनीला. वाटेत 'कधी मोजलं' ती वेळ गळून पडली, कारण वेळ पाठवलीच पाहिजे असं कुठल्याच नियमात नव्हतं. आदल्या संध्याकाळचं शून्य दादाला सकाळी ताजं म्हणून मिळालं. कोणी खोटं बोललं नव्हतं. चौकशी समितीनं सगळ्यांचे जबाब घेतले आणि कोणालाही दोषी न धरता घरी पाठवलं.

"तुमच्या त्या सभांत एवढे शहाणे बसतात," आई म्हणाली, "त्यांना एवढं कळलं नाही? शिळं ते शिळं म्हणून सांगावं, हे बाजारातल्या मासेवालीला कळतं."

"आता कळेल, आई. मी बघते. यापुढे जगातला कुठलाही फोन दादाचा रस्ता असा हिरवा दाखवणार नाही."

मी हे बोलून बसले. आईनं ते धरून ठेवलं. त्यानंतर दर फोनला पहिलं वाक्य तेच, "दादाच्या रस्त्याचं झालं का गं?"

पुराचं पाणी आणि रस्ते यांच्या माहितीचं नवं मानक तेव्हा महासंघात सुरूच होतं. मी त्यात एक कलम घातलं. पाण्याच्या प्रत्येक आकड्यासोबत तो कधी मोजला ती वेळ असलीच पाहिजे. वेळ नसेल तर आकडा घ्यायचाच नाही, रस्ता हिरवा दाखवायचा नाही. बास. बाकी मानकात कोणी काय वाटेल ते लिहा, माझं एवढ्यावरच लक्ष.

आमच्याकडे नुसतं मानक लिहून भागत नाही, सोबत चाचणीच्या फाइली द्याव्या लागतात. त्यांचे दोन गठ्ठे असतात. एका गठ्ठ्यातल्या फाइली बिनचूक. सॉफ्टवेअरनं त्या घेतल्याच पाहिजेत आणि नकाशावर नीट दाखवल्या पाहिजेत. दुसऱ्या गठ्ठ्यात मुद्दाम चुका असलेल्या फाइली. त्या सॉफ्टवेअरनं परत फेकल्याच पाहिजेत. दोन्ही जमलं तर प्रमाणपत्र. ही परीक्षा महासंघाच्या साक्षीदारासमोर होते, आणि कोरियात ते काम मी करते. एका कंपनीनं एक नदी उलटी वाहताना दाखवली म्हणून मी तिला नापास केलं होतं. बिचारे गयावया करत होते, पण मी हलले नाही. साक्षीदारानं दया दाखवली की परीक्षेला अर्थ उरत नाही, असं मीच नव्या लोकांना शिकवते.

तर दुसऱ्या गठ्ठ्यात, चुकीच्या फाइलींत, मी हाग्योनची त्या सकाळची फाइल दिली. खरी, जशीच्या तशी. पाणी शून्य, वेळ नाही. कुवाबाता सान म्हणून आमचे जपानी संपादक आहेत, मानकाचा मजकूर आणि फाइली तेच सांभाळतात. त्यांना मी सांगितलं होतं की ही माझ्या भावाची सकाळ आहे. त्यांनी उठून मला वाकून नमस्कार केला होता.

मानक मंजूर व्हायची शेवटची सभा बुसानला ठरली. आदल्या दिवशी दुपारी ग्यू-सॉपनं मला जेवायला नेलं. हा कॉलेजात माझ्या मागच्या वर्गात होता, आता एका मोठ्या नकाशा कंपनीचा प्रतिनिधी. डुकराच्या हाडांचा रस्सा-भात मिळणारं ते जुनं दुकान त्यालाच माहीत. मी बसते न बसते तोच त्यानं माझ्या वाडग्यात खारवलेली कोळंबी घातली, कांद्याची पात घातली, पेला दोन्ही हातांनी भरून दिला. एवढी सरबराई बघूनच मी सावध झाले.

"ताई, तुझा मुद्दा बरोबर आहे. शंभर टक्के."

"म्हणजे उद्या विरोध करणार."

"तू ना, अजून तशीच आहेस. समोरच्याला घास गिळू देत नाहीस."

"गीळ की. गीळ आणि मग बोल."

त्यानं खरंच गिळला. "जगातली निम्मी यंत्रं जुनी आहेत, वेळ पाठवतच नाहीत. सक्ती केलीस तर त्यांचे आकडे फेकून द्यावे लागतील."

"द्या फेकून."

"नकाशे रिकामे दिसतील."

"दिसू देत. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. तेवढं म्हणायला जीभ झडते का तुमची?"

तो वाडग्यात चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू? आमचे वकील म्हणतात, वेळ आली की जबाबदारी आली. आकडा शिळा आहे हे आम्हाला ठाऊक होतं, असं होतं मग. वेळच नसली तर आम्हाला काय ठाऊक?"

"हे तू मला सांगतोयस. दादाची शवपेटी उचलायला तू होतास."

"होतो. म्हणून तर जेवायला आणलं. दुसरी कोणी असती तर तिला उद्या सभेतच कळलं असतं."

"वा. उपकारच झाले म्हणायचे."

"सक्तीच्या जागी शिफारस करू, ताई. वेळ पाठवली तर उत्तम, नाही पाठवली तरी चालेल. तुझं कलम राहतं, आमचं मत मिळतं, मानक उद्याच्या उद्या मंजूर. प्यो साहेबांशी बोलणं झालंय माझं."

प्यो साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे संचालक. महासंघात मत संस्थेला असतं, माणसाला नाही, आणि आमच्या संस्थेचं मत त्यांच्या हातात. म्हणजे माझ्या पाठीमागे सगळं शिजून, वाढून झालं होतं, मला फक्त पानावर बसायला बोलावलं होतं. मी वाडगा तळापर्यंत संपवला. राग आला की मला भूक जास्त लागते.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दारातच मी प्यो साहेबांना गाठलं. आत बुसानचं नाव घातलेला भलामोठा फलक लागलेला, संध्याकाळी मंत्री फोटोला येणार होते.

"साहेब, हे कलम गेलं तर उरतं काय?"

"मानक उरतं की, बानबाई. त्यात तुमचीही मेहनत आहे. एका कलमासाठी सगळं भिजत ठेवायचं? व्हिएतनाम, फिलिपिन्स, सगळे पावसाळ्याआधी मागतायत."

"ते एक कलम नव्हतं म्हणून माझा भाऊ गेलाय."

त्यांनी टाय सारखा केला. "मला माहितीये. म्हणूनच लेखकांच्या नावांत तुमचं पहिलं घालायला सांगितलंय."

काही माणसांना वाटतं, नाव पहिलं घातलं की तोंड बंद होतं. बहुतेकांचं होतही असेल.

सभा सुरू झाली. अध्यक्ष मारेके म्हणून डच बाई आहेत, अतिशय सभ्य. त्यांनी विचारलं, सक्तीच्या जागी शिफारस अशी छोटीशी दुरुस्ती आहे, कोणाची हरकत? आमच्याकडे गप्प राहणं म्हणजे संमती. मी उभी राहिले. मत नसलं तरी बोलता येतं. इतक्या वर्षांत मी त्या सभेत घरची गोष्ट कधी काढली नव्हती, त्या दिवशी काढली. टोफू, टेम्पो, उतार, यंत्र, आदल्या संध्याकाळचं शून्य. माझा आवाज फुटत होता, पण मी फुटू दिला. शेवटी म्हटलं, "मी तुमच्याकडे दया मागत नाहीये. घड्याळ मागतेय."

मारेकेबाईंचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, आपण सर्व हेलावून गेलो आहोत, म्योंग-जूच्या, म्हणजे माझ्या, भावासाठी उभं राहून मिनिटभर शांतता पाळू या. सगळे उभे राहिले. ग्यू-सॉपसुद्धा, मान खाली घालून. मला वाटलं, झालं. आता कोण हात वर करेल? मनात मी आईला फोनसुद्धा लावला होता.

मिनिट संपलं. सगळे बसले. मारेकेबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि दुरुस्ती मताला टाकली. माझ्या शेजारी प्यो साहेबांनी होकाराचा हिरवा कागद वर केला. पलीकडे ग्यू-सॉपनं केला. सभागृहभर हिरवे कागद. मग टाळ्या झाल्या. आणि त्या टाळ्यांत लोक माझ्याकडे वळून मान हलवत होते, जणू माझाच सत्कार चाललाय.

दादासाठी उभे राहिले आणि बसल्या बसल्या त्याला परत बुडवलं. मला ती शांतता अजून सहन होत नाही. नुसता विरोध केला असता तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

फोटोला मी थांबले नाही. लिफ्टपाशी कुवाबाता सान धावत आले, हातात दरवेळचा तो गोड घेवड्याच्या वड्यांचा डबा.

"बान सान, फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण तुमच्या भावाची फाइल मी काढून टाकणार नाही. शब्द देतो. तिला चांगली जागा देईन."

त्या अख्ख्या इमारतीत एवढा एकच माणूस माणसासारखा बोलला. मी डबा घेतला आणि त्यांचे आभार मानले.

आईला मी सांगितलं की कलम राहिलंय, थोडं सौम्य झालंय. सौम्य म्हणजे काय, तिनं विचारलं नाही. मी त्या गटातून बाहेर पडले. छापून आलेलं मानक कपाटात ठेवलं, उघडलंसुद्धा नाही. सवतीच्या तान्ह्या पोराकडे बघावं तसं वाटायचं त्याच्याकडे बघून.

पानगळीच्या दिवसांत प्यो साहेबांनी बोलावलं. ग्यू-सॉपच्या कंपनीला जगातलं पहिलं प्रमाणपत्र हवं होतं, परीक्षेला साक्षीदार पाहिजे. "तुम्हीच जा, बानबाई. शेवटी तुमचंच अपत्य आहे." मी गेले. नाही म्हणायलासुद्धा उत्साह लागतो.

कंपनीची काचेची इमारत, फुकट कॉफी, भिंतीवर जगाचा नकाशा. ग्यू-सॉप स्वतः संगणकावर बसला. "आज पोरांना सुट्टी. ताईसमोर मीच परीक्षा देणार."

"नापास झालास तर रडू नकोस."

"तू करशील, मला माहितीये. नदीवाल्यांचा किस्सा अजून सांगतात लोक."

जरा हसलो आम्ही. चुकीच्या फाइलींचा गठ्ठा आधी घेतला. सॉफ्टवेअरनं एकेक करून सगळ्या परत फेकल्या. माझ्या लक्षात आलं की दादाची फाइल त्यात आली नाही. वाटलं, कुवाबाता सानांनाही शेवटी ती काढावी लागली असेल. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

मग बिनचूक फाइलींचा गठ्ठा उघडला. त्यातली पहिलीच फाइल पडद्यावर आली. नदी, रेल्वेचा रूळ, शाळा, टोफूचा कारखाना. भुयारी रस्ता हिरवागार. पाणी शून्य.

"थांब," मी म्हटलं.

"काय झालं? चुकलं का?"

"गावाचं नाव वाच."

त्यानं वाचलं. त्याचे कान लाल झाले. "ही तर चुकीच्या फाइलींत होती ना?"

"होती."

"मग इथं कशी आली?"

मला बघताक्षणी कळलं होतं. आमच्या धंद्यातल्या कोणालाही कळलं असतं. वेळेची सक्ती गेली, म्हणजे वेळ नसणं ही चूक राहिली नाही. वेळ सोडली तर त्या फाइलीत दुसरी चूक नव्हतीच. आणि जिच्यात चूक नाही ती फाइल बिनचूक. कुवाबाता सानांनी इमानेइतबारे ती या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात ठेवली, आणि शब्द दिल्याप्रमाणे चांगली जागा दिली, सगळ्यांत वर. आता जगात जो कोणी हे मानक वापरेल, त्याला दादाची ती सकाळ आधी घ्यावी लागणार आणि रस्ता हिरवा आहे असं दाखवावं लागणार. जो बंद दाखवेल तो नापास.

ग्यू-सॉपनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "ताई, ही वगळू या."

"एक जरी वगळली तरी प्रमाणपत्र नाही. नियम माहितीये तुला."

"मग मी हा रस्ता लाल करतो. आत्ता करतो, हातानं."

"कर. मी नापास करीन."

"खरंच करशील?"

"करीन. तुझ्या सॉफ्टवेअरनं नियम मोडला म्हणून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला त्याच्या कानाखाली ओढावीशी वाटत होती. मग वाटलं, बुसानला सभागृहभर हिरवे कागद होते, किती जणांच्या कानाखाली ओढू? तो रस्ता लाल करायला निघाला होता, तेही खरं होतं. पण त्यानं तो लाल केला नाही, आणि पहिलं प्रमाणपत्र त्याला हवं होतं हेही खरंच.

नियमाप्रमाणे फाइल घेतली गेली होती, नियमाप्रमाणे रस्ता दिसत होता. साक्षीदारानं नियम बघायचा असतो, रस्ता नाही. हे मीच शिकवते. मी त्या फाइलीपुढे 'पास' लिहिलं, सही केली आणि म्हटलं, "पुढची लाव."

त्याच संध्याकाळी मी कुवाबाता सानांना फोन केला. ते बिचारे पार हादरले, पुन्हापुन्हा माफी मागत राहिले. पण मंजूर मानकातली फाइल त्यांनाही एकट्याला हलवता येत नाही. त्यासाठी रीतसर दुरुस्ती सुचवावी लागते. मी सुचवली आहे. ती विचाराधीन आहे.

आठवड्यानं आईकडे गेले. हिवाळाभर पुरेल एवढी किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस होता. आई जमिनीवर पसरलेल्या प्लॅस्टिकवर बसून मिठात मुरलेल्या कोबीच्या पानापानाला मिरचीचा मसाला चोळत होती. मी रबरी हातमोजे चढवून शेजारी बसले. पूर्वी या दिवशी उकडलेल्या मांसासोबत दादाचा टोफू असायचा. आता घरात टोफू येत नाही.

"ग्यू-सॉपचा फोन आला होता," आई म्हणाली. "रडत होता. काय झालं ते सांगेना. म्हणाला, ताईला विचारा."

मी कोबी उचलला.

"दादाचा रस्ता आला ना त्यात?"

"आला, आई. सगळ्या जगात जाणार आता."

"मग बंद दिसतो ना?"

मला तिच्याशी खोटं बोलता आलं असतं. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, तिला कधी कळलंही नसतं. पण तिनं विचारता विचारता हात थांबवले होते.

"नाही," मी म्हटलं. "हिरवा दिसतो. तसा दिसला तरच पास करतात."

मसाल्याचे हात तिनं तसेच हवेत धरले होते.

"आणि तू तिथं काय करत होतीस गं?"

"मी साक्षीला होते, आई."

तिनं माझ्या हातातला कोबी काढून घेतला आणि त्याला स्वतःच मसाला लावू लागली.